कातळाविरुद्ध फिर्याद

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव, एका बाजूस खारघर वसाहतीच्या गगनचुंबी इमारती आणि दुसऱ्या बाजूस डोंगर अशा कोंडीत आपले गावपण जपून राहिलेले, ज्या डोंगरांच्या पायथ्याशी वसले आहे त्यांचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसाच्या रूपाने भूगर्भातून बाहेर पडला. आणि ज्या कालखंडात तो बाहेर पडत होता त्याच कालखंडात पृथ्वीतलावरून डायनोसॉरांचे साम्राज्य अस्तंगत झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे काय, आणि असल्यास कितपत, या प्रश्नावर जगातील भूवैज्ञानिक गेली चार दशके हिरिरीने भांडत आहेत. ज्या दगडाची खडी आपण रस्त्यावर घालतो आणि ज्याच्या जोत्यावर घर बांधतो तोच दगड एका विश्वविख्यात खटल्यातील संशयित आरोपी आहे, ही वार्ता मात्र आरोपीच्या गावातच अद्याप पोहोचलेली नाही. ती पोहोचविण्याचा, आणि व्याख्यानाने नव्हे तर विनोदाने व संवादाने पोहोचविण्याचा, एक मार्ग सुचवावा एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. ज्या वाचकांच्या हाती गावचे एखादे मंडळ, एखादी शाळा किंवा वाचनालय आहे त्यांच्यासाठी तो मुख्यतः आहे. परंतु ज्यांच्या हाती केवळ संध्याकाळचा पार आणि चार उत्साही पोरे आहेत त्यांनीही स्वतःस अपात्र समजू नये.

विज्ञानासारख्या गंभीर विषयाला विनोदाची संगत लावणे म्हणजे त्याची अप्रतिष्ठा करणे, असे मानणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे स्मरण करून देणे अधिक सोयीचे. मराठी विनोदी निबंधाचा पाया घालणाऱ्या या पुरुषाने सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या तोंडून आपल्या समाजातील रूढींची, मुहूर्तांची आणि अपशकुनांची जी यथेच्छ रेवडी उडविली ती सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच लेखणीतून ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा रुक्ष आकडेमोडीचा ग्रंथही उतरला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याला ग्रहांच्या गतीचे गणित करता येते त्यालाच ग्रहांच्या नावाने चाललेल्या भोंदूपणाला बिनचूक हसता येते, असा याचा अर्थ मी घेतो. गॅलिलिओनेही पृथ्वी फिरते की सूर्य फिरतो हा आपल्या काळचा सर्वांत मोठा प्रश्न १६३२ साली जगापुढे मांडला तो प्रबंधाच्या रूपाने नव्हे. तीन गृहस्थ चार दिवस एकत्र बसून वाद घालीत आहेत अशा संवादाच्या रूपाने मांडला, आणि तोही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे तर लोकांच्या इटालियन भाषेत.

आपल्याकडे तर या कामासाठी नवीन काही निर्माण करावयासही नको. तमाशातील बतावणी हा संवादविनोदाचा असा तयार साचा आहे की त्यात राजा, पाटील, हवालदार यांपैकी कोणाचेही शहाणपण सोंगाड्याच्या एका भाबड्या प्रश्नाने उघडे पडते. गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीतही पुष्कळशी अशीच होती; बाबा उत्तर सांगत नसत, ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, श्रोते एकमुखाने उत्तर देत, आणि आपल्याच तोंडून निघालेल्या उत्तराचा अर्थ ध्यानी येताच हशा पिकून लोक अंतर्मुख होत. विलायतेत ब्रायन कॉक्स हे पदार्थवैज्ञानिक आणि रॉबिन इन्स हे विनोदकार यांनी २००९ पासून बी. बी. सी.च्या रेडिओवर जो वैज्ञानिक गप्पांचा कार्यक्रम लोकप्रिय केला त्याचीही मूळ मांडणी हीच आहे: एक जाणणारा, एक न जाणणारा पण निर्भय, आणि समोर हसण्यास मुखत्यार असलेले लोक. आपल्या सोंगाड्याने हे काम त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून चालविले आहे. फक्त त्याला आजवर कोणी भूगर्भशास्त्राची संहिता दिली नाही.

आता प्रश्नाची निवड. येथेच बहुतेक उपक्रम फसतात, कारण उत्साही संयोजक कृष्णविवरापासून आरंभ करतात आणि मग श्रोत्यांनी हाताने चाचपून पाहावे असे त्यांच्यापाशी काहीही नसते. प्रश्न असा निवडावा की ज्याच्या पुराव्याचा निदान एक तुकडा सभेत सर्वांच्या हातून फिरविता येईल. ज्याचे उत्तर अद्याप पूर्णपणे मिटलेले नाही. आणि ज्यावर आठवीतील मुलीस व सत्तर वर्षांच्या आजीस सारख्याच अधिकाराने मत देता येईल. या तिन्ही कसोट्यांस डायनोसॉरांच्या अंताचा प्रश्न उतरतो, आणि ओवे गावात तर तो विशेषच उतरतो, कारण आरोपी तेथेच हजर आहे, त्याला समन्स बजावण्याचाही खर्च नाही.

यासाठी खटल्याचा साचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला समाज कोर्टकचेरीत मुरलेला असून फिर्याद, जबानी, पंचनामा, मुद्देमाल, तारीख हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. जमिनीच्या संपादनानंतर या पट्ट्यातील घराघरांत तर त्यांचा अभ्यास सक्तीनेच झाला आहे. शिवाय पुरावा म्हणजे काय, तो केव्हा ग्राह्य धरावा आणि केव्हा फेटाळावा, हा जो वैज्ञानिक पद्धतीचा गाभा तो कोर्टाच्या नाटकात आपोआपच केंद्रस्थानी येतो.

न्यायासनावर गावातील एखाद्या करारी आजीला बसवावे, आणि तिला एकच अधिकार द्यावा, पण तो निरंकुश द्यावा: जो पुरावा तिला समजला नाही तो दप्तरी दाखल होणार नाही. हा एक नियम पाळला की वकिलांची भाषा आपसूक सरळ होते, ‘वस्तुमान’, ‘समस्थानिक’, ‘विलोपन’ असे शब्द फेकणारा वकील आजींच्या एका “म्हणजे काय रे बाबा?” पुढे गलितगात्र होतो, आणि त्याने दिलेले दुसरे स्पष्टीकरण हेच श्रोत्यांच्या खऱ्या उपयोगाचे असते. फिर्यादी पक्षाचा आणि बचाव पक्षाचा असे दोन वकील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींतून घ्यावेत. सोंगाड्याला मात्र कोर्टाचा पट्टेवाला करावे, कारण पट्टेवाला सर्वांच्या मध्ये लुडबुडू शकतो आणि त्याला कोणाचीही भीती नसते. त्याने निःसंकोच आगरी बोलीत बोलावे. विज्ञान प्रमाणभाषेतच शोभते ही समजूत त्याच्या पहिल्या वाक्याबरोबर मोडली पाहिजे.

कामकाजाचा आरंभ पुकाऱ्याने व्हावा. “आरोपी क्रमांक एक, उल्का, वस्ती अवकाश, हाजिर हो!” असे तीनदा ओरडूनही कोणी येत नाही, तेव्हा पट्टेवाल्याने कोर्टास कळवावे की आरोपी मेक्सिको देशात युकातान येथे जमिनीत घुसून बसला असून तो मुलूख पनवेल कोर्टाच्या हुकमतीत येत नाही. “कवरा मोठा होता तो?” या प्रश्नाला फिर्यादी वकिलाने उत्तर द्यावे की अंदाजे १० किलोमीटर, म्हणजे ओव्यात डोके ठेवून निजला असता तर त्याचे पाय पनवेलात पोहोचले असते. त्याने केलेला खड्डा सुमारे १८० किलोमीटर रुंदीचा आहे, आणि पनवेलपासून सरळ रेषेत मोजल्यास तो साताऱ्यापर्यंत जातो. येथे लोणारच्या सरोवरास साक्षीदार म्हणून बोलवावे. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर पडले तेही उल्कापातानेच, आणि पडले ते याच काळ्या कातळात; त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे मेक्सिकोतील खड्ड्याचा शंभरावा हिस्सा. “मला एवढेसे लागले तरी मी अजून बरा झालेलो नाही,” अशी त्याची जबानी झाली की श्रोत्यांना शंभरपट म्हणजे काय ते आकडा न सांगता कळते.

आरोपी क्रमांक दोन म्हणजे आपला कातळ. त्याचा एक तुकडा पितळी ताटात ठेवून सभेतून फिरवावा, आणि तो हातात घेतलेल्या प्रत्येकास वाटावे की आपण मुद्देमाल हाताळीत आहोत. फिर्यादीचे म्हणणे असे की या इसमाने ज्वालामुखीच्या रूपाने बहुतांश लाव्हा अवघ्या १० लाख वर्षांच्या आत ओतून, कर्बवायू व गंधकाचे वायू सोडून जगाचे हवामान बिघडविले. त्याचा पसारा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर असून सह्याद्रीत त्याच्या थरांची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. १० लाख वर्षांना ‘अवघी’ म्हटल्याबद्दल आजींनी वकिलास हटकावे, कारण भूवैज्ञानिक काळाची कल्पना देण्यास याहून चांगली संधी मिळणार नाही. बचावाच्या वतीने मग १९८० साली लुई अल्वारेझ व त्यांचे पुत्र वॉल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेला पुरावा यावा: इटलीत गुब्बियो येथे नेमक्या त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम नावाच्या धातूचे असाधारण प्रमाण सापडले, पृथ्वीच्या कवचात तो अतिदुर्मीळ आणि उल्कांत त्या मानाने विपुल, आणि पुढे तोच थर जगात ठिकठिकाणी आढळला. आरोपीने आपली बोटांची खूण साऱ्या पृथ्वीवर उमटवून ठेवावी असा हा अजब गुन्हा आहे, असे वकिलाने म्हणावे. मेक्सिकोतील खड्डाच तो, ही ओळख मात्र १९९१ साली पटली. अकरा वर्षे हा खटला प्रेताच्या खुणेवरून चालला आणि हत्यार मागाहून सापडले.

याच ठिकाणी स्थानिक श्रोत्यांसाठी एक खास बाब मांडावी, जी माझ्या मते संपूर्ण प्रयोगात सर्वांत मोलाची आहे. माथेरानच्या कड्यांवर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात, परंतु पनवेलच्या पट्ट्यातून पश्चिमेकडे येताना तेच थर समुद्राच्या दिशेने कललेले आढळतात. भूवैज्ञानिक या वाकणाला पनवेलचेच नाव देऊन ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात, आणि भारताचा भूखंड सेशेल्स बेटांच्या भूखंडापासून विलग होताना पश्चिम किनारा ताणला गेला व खचला त्याची ती खूण मानली जाते. जगातील शोधनिबंधांत आपल्या तालुक्याचे नाव यावे आणि तालुक्यात ते कोणास माहीत नसावे, ही स्थिती एका संध्याकाळीत पालटता येण्याजोगी आहे. वकिलाने आरोपीच्या वाकलेपणाविषयी विचारावे, आणि पट्टेवाल्याने सांगावे की सेशेल्स सोडून गेल्यापासून त्याची पाठ अशीच आहे. प्रयोगाच्या आधी मुलांना हे कलते थर दुरून दाखवून आणावे. पण पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याकडे त्यांना नेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, तेथे जीव गेलेले आहेत आणि मनाई हुकूम काही हौसेने निघत नाहीत.

पुढचा साक्षीदार विनोदाच्या दृष्टीने हमखास, आणि विज्ञानाच्या दृष्टीने त्याहून थोर. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या हाडांबरोबर त्यांचे दगड झालेले शेणही सापडते. शेण कोर्टात साक्षीस येणार म्हटल्यावर पट्टेवाल्याने काय करावे हे कोणत्याही सोंगाड्याला शिकवावे लागत नाही. तो हशा पुरता ओसरू द्यावा, आणि मग वकिलाने शांतपणे सांगावे की याच शेणाच्या तपासणीत भारतीय व परदेशी संशोधकांना गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, २००५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच ही जगभरची समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागली. हशा आधी आणि सत्य मागाहून हा क्रम कधीही उलटा करू नये. हसलेला माणूस थोडा खजील असतो, आणि त्या क्षणी त्याचे लक्ष जितके एकाग्र असते तितके व्याख्यानाच्या कोणत्याही क्षणी नसते.

शेवटी मयताच्या वारसांचा पुकारा व्हावा, आणि पट्टेवाल्याने बगलेत जिवंत कोंबडी घेऊन प्रवेश करावा. पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज होत ही गोष्ट आज सर्वमान्य आहे, तेव्हा वारसनोंद कायदेशीर आहे. आणि पूर्वजांची सारी जमीन कातळाने व्यापल्याबद्दल कोंबडीने संपादित जमिनीच्या मोबदल्यातला साडेबारा टक्क्यांचा भूखंड मागितला तर सिडको या नगरविकास महामंडळाच्या टेबलांवर ज्यांच्या चपला झिजल्या आहेत त्या ओव्यातील श्रोत्यांना त्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज पडणार नाही.

निकाल मात्र आजींनी देऊ नये. बहुसंख्य वैज्ञानिक आज उल्केला मुख्य आरोपी धरतात, परंतु दख्खनच्या लाव्ह्याने प्राणिसृष्टीला आधीच कितपत खिळखिळे केले होते, किंवा नंतर तिला सावरू दिले नाही काय, यावर मतभेद शिल्लक आहेत. म्हणून आजींनी पुढील तारीख द्यावी. आपल्या कोर्टांत हे कोणास विचित्र वाटणार नाही. येथे नाटक संपते आणि कार्यक्रमाचा खरा भाग सुरू होतो, तो म्हणजे गप्पांचा.

या गप्पांसाठी एक जाणकार आवश्यक आहे. पवईच्या आय. आय. टी.मध्ये पृथ्वीविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. पत्र पाठविल्यास आणि विषय नेमका लिहिल्यास कोणी ना कोणी मार्ग दाखवितो. पाहुण्यास बोलाविताना मात्र तीन गोष्टी आधी कबूल करून घ्याव्यात. एक, भाषण करावयाचे नाही. दोन, नाटक चालू असता एका कोपऱ्यात घंटा घेऊन बसावयाचे आणि कोणीही चुकीचा आकडा किंवा खोटी माहिती बोलला की ती वाजवावयाची; विनोदाला माणसे फुगविण्याची मुभा आहे, आकडे फुगविण्याची नाही. तीन, आणि हे सर्वांत कठीण, ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तेथे “हे मला माहीत नाही” असे मोठ्याने म्हणावयाचे, शक्य तर आरंभीच्या दहा मिनिटांत एकदा. पदवीधराच्या तोंडून हे वाक्य ऐकल्यावर मागच्या रांगेतील माणूस हात वर करण्यास धजतो, हे कोणत्याही सभेत पडताळून पाहता येईल.

हसू कोणावर पडावे याचा विचार संहिता लिहितानाच झाला पाहिजे. प्रश्न विचारणाऱ्यावर ते कधीही पडू नये. कोणाच्या देवावर, कोणाच्या उपासावर, कोणाच्या बोलीवर पडू नये. पडावे ते ठाम असण्याच्या ऐटीवर, मग ती ऐट ज्योतिषाची असो, वकिलाची असो की पाहुण्या शास्त्रज्ञाची. गॅलिलिओच्या संवादात अडाण्याची भूमिका करणाऱ्या पात्राचे नाव सिंप्लिसियो होते, आणि पोपना प्रिय असलेला युक्तिवाद लेखकाने नेमका त्याच्याच तोंडी घातला. १६३३ साली चौकशी होऊन म्हाताऱ्यास मरेपर्यंत नजरकैद भोगावी लागली. त्यास इतरही कारणे होती, हे खरे. तथापि ज्याला पटवून द्यावयाचे त्यालाच विदूषक करणे हा वाद जिंकण्याचा मार्ग नव्हे, एवढे संहिता लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आपल्या बतावणीतला सोंगाड्या या बाबतीत सिंप्लिसियोहून श्रेष्ठ होय, कारण तो मूर्ख दिसतो आणि प्रश्न मात्र सर्वांत शहाणा विचारतो.

उरलेल्या व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगतो. दिवस शिमग्याच्या आगेमागे धरावा. सोंगे काढण्याची आणि मोठ्यांना चार शब्द सुनावण्याची परवानगी त्या सणाला परंपरेनेच आहे, पाऊस नसतो, आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिनही बहुधा जवळपासच पडतो. नाटक चाळीस मिनिटांहून लांबवू नये आणि गप्पांना किमान तितकाच वेळ राखून ठेवावा. उशीर झाल्यास नाटकाला कात्री लावावी, गप्पांना नव्हे. संहिता शब्दशः पाठ करून घेऊ नये, मुद्दे आणि आकडे तेवढे पक्के करून घ्यावेत व बाकीचे पोरांच्या हजरजबाबीपणावर सोडावे. ध्वनिवर्धक एक पुरे, पण श्रोत्यांत फिरणारा दुसरा नसेल तर तो एकच खाली फिरवावा, आणि व्यासपीठावरच्यांनी घसा ताणावा. सत्कार, हारतुरे, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा परिचय या चार गोष्टींनी अशा संध्याकाळीचा पहिला तास खाल्ला जातो. त्यांना सरळ फाटा दिला तर रुसणारे थोडे आणि दुवा देणारे पुष्कळ निघतील. चहा मात्र मध्यंतरात न देता गप्पांच्या वेळी द्यावा, म्हणजे लोक उठून जात नाहीत.

वेळ संपला तरी प्रश्न संपत नाहीत, तेव्हा दारापाशी कोरी पोस्टकार्डे ठेवावीत. ही युक्ती खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तर लिहून खाली सही करीत. पुण्यास ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत त्यांच्या काळी मुलांसाठी जी विज्ञानशोधिका उभी राहिली तिच्या इमारतीला पुलस्त्य हे सप्तर्षींतील ताऱ्याचे नाव मिळाले, आणि तिला साहाय्य झाले ते पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीचे, हा योगायोग आपल्या विषयाला फारच अनुकूल आहे. आलेली कार्डे वाचून, एकसारखे प्रश्न एकत्र करून पाहुण्याकडे पाठवावीत; उत्तरे आली की वाचनालयाच्या फळ्यावर प्रश्नकर्त्याच्या नावासह लावावीत, कारण गावात नाव लागणे ही बक्षिसाहून मोठी बाब असते.

पुढच्या वर्षीचा विषय या कार्डांतूनच निघेल. तो निघाला नाही तर भरती-ओहोटी घ्यावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा, हे गणित खाडीवर जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते; उधाण अमावास्या-पौर्णिमेला आणि भांग अष्टमीच्या सुमारास, हेही ते झोपेतून उठून सांगतील. चंद्र एक असता भरती दिवसातून दोनदा का येते, हे विचारून पाहावे. त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चंद्राला उभे करावे, आणि वकीलपत्र खाडीवरच्या एखाद्या आजोबांकडे द्यावे. पाहुण्या शास्त्रज्ञाने घंटा घेऊन कोपऱ्यातच बसावे.